करुणाक्काचं पाचारण

करुणाक्काला मी देवाच्या नावानं ‘थांब’ असं सांगितलं, तेव्हा मी प्रार्थना केलेलीच नव्हती. एकदाही नाही. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. मी पाळक आहे, ख्रिस्ती धर्मगुरू. सोलापुरात रेल्वे लाइन्सच्या अंगाला आमची लहानशी मंडळी आहे. लोक माझ्याकडे येतात, दार लोटून घेतात, मनातलं सांगतात आणि हलके होऊन जातात. समोर बसून मान हलवणाऱ्या माणसाच्या पोटात काही असेल असं त्यांना वाटत नसावं.

गेल्या पावसाळ्यात करुणाक्का गेली. मंडळीच्या स्मरणिकेत मी तिच्यावर पानभर मजकूर लिहिला. प्रेमळ, सेवाभावी, आज्ञाधारक वगैरे. त्यात खोटं काही नव्हतं. पण ते वाचून ती कशी होती हे कोणाला कळलं नसतं, आणि मी कसा आहे हे तर नाहीच नाही. म्हणून पुन्हा लिहायला बसलो आहे.

उपासनेला ती खिडकीजवळच्या बाकावर बसायची. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. उपदेश करणारा माणूस एखाद्या अवघड जागेवरून घाईनं पुढे सरकला, की तिचा हात हळूच मागे जायचा आणि पेन्सिल बाहेर यायची. ती लिहायची काहीच नाही. नुसती बोटांत धरून बसायची. बाहेरगावचा एक मोठा वक्ता तर उपदेश संपल्यावर मला म्हणाला होता, “ती पेन्सिलवाली बाई कोण हो? घाम फोडला तिनं मला.” माझं तर काय, पेन्सिल निघाली की मी घाईनं पुढचं गीत सांगायचो.

तिची आई वळसंगची. घरात कानडी, दारात मराठी. करुणाक्का हिशेब कानडीत करायची, रागवायची कानडीत, आणि शास्त्र वाचताना अडली की तिच्या तोंडून कानडीच निघायचं. “याके?” म्हणजे ‘का?’ एक ओळ मोठ्यानं वाचायची, थांबायची, “याके?” पुढची ओळ, पुन्हा “याके?” तिच्याबरोबर पानभर वाचायला अख्खी दुपार जायची. आई दारात शेंगा फोडत बसलेली असायची. ती म्हणायची, “देवानं सांगितलं, माणसानं ऐकलं, झालं की गं! त्यात एवढं याके याके काय?” आणि करुणाक्का म्हणायची, “अव्वा, त्यानं मला डोकं दिलं तेव्हा याके दिलं, हे आधी विचारून घेऊ दे.”

माझी-तिची ओळख लहानपणापासूनची, पण खरी ओळख पुण्याच्या सेमिनरीत झाली. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मधे शाळेत नोकरी करून मग धर्मशास्त्राच्या पदवीला आली, म्हणून एका वर्गात पडलो. वर्गात आम्ही दोघंच सोलापूरचे. पोरं तिला ‘चादर’ म्हणून चिडवायची. ती म्हणायची, “म्हणा की. डिसेंबरात मागायला या मग.” आणि डिसेंबरात खरोखर दोघातिघांच्या अंगावर तिच्या घरच्या चादरी असायच्या.

हिब्रू शिकताना आम्हा सगळ्यांचा जीव जायचा. मी परीक्षेपुरतं पाठ करायचो आणि पेपर देऊन विसरायचो. तिचं तसं नव्हतं. एखादा शब्द कळला की ती अख्खा दिवस खुशीत असायची, जेवणाच्या रांगेतही तोच शब्द पुटपुटत उभी. मला म्हणायची, “सुधीर, तू उत्तरं पाठ करतोस. प्रश्न कधी पाठ करणार?”

बायबलच्या जुन्या करारात काही प्रार्थना अशा आहेत, की माणूस ओरडतो, रडतो, देवाला जाब विचारतो आणि तिथंच ते संपतं. वरून काहीच येत नाही. करुणाक्काचं मन त्या प्रार्थनांत अडकलं. शेवटच्या वर्षी एकदा ती मला म्हणाली, “ज्यांनी हे शास्त्र गोळा करून ठेवलं, त्यांना एवढं गाळता आलं असतं की. कोण विचारणार होतं? पण गाळलं नाही. उत्तर न आलेली प्रार्थना जपून ठेवली. याके?” मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. ती हसली. “हे तुझं उत्तर पाठ केलेलं आहे,” म्हणाली. “मला त्याच्या मागं जायचंय. आणि कळेल ते मराठीत शिकवायचंय.”

एम.टीएच., म्हणजे धर्मशास्त्रातलं पुढचं शिक्षण, तिनं तेव्हाच करायला हवं होतं. पण ती घाई करणारी नव्हती. ही आपली हौस आहे की देवाचं पाचारण, हे तिला आधी पारखून घ्यायचं होतं. “हौस असली तर ती सुट्टीत भागते,” असं तिचं म्हणणं. “पाचारण असलं तर सुट्टीच मिळत नाही.” पुलपिटावर उभं राहून उपदेश करण्याची तिला ओढ नव्हती. “मला फळ्यासमोर उभं राहायचंय. पोरांनी हात वर करून मला अडवलं पाहिजे. पुलपिटावर कोण अडवतंय?”

आम्ही दोघं सोलापूरला परतलो. ती शाळेत भूगोल शिकवू लागली. मी काही वर्षं इकडे तिकडे उपपाळक म्हणून काढली आणि मग आमच्याच मंडळीचा पाळक झालो. आता जे सांगणार आहे ते मंडळीत कोणाला माहीत नाही. माझे उपदेश माझे नव्हते.

दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरात जायचो. अव्वा दारातूनच ओरडायची, “बर्री, बर्री पाळकसाहेब! करुणा, शुक्रवार आला गं, दोन भाकरी जास्त टाक.” करुणाक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, “वाच.” मी रविवारचा उतारा वाचायचो. ती तो सोलायची. हा शब्द इथं कसा आला, हा माणूस खरं बोलतोय की टाळतोय, ह्या बाईचं नाव का दिलेलं नाही. मी मुकाट्यानं ऐकायचो, शेंगाचटणी-भाकरी खायचो, आणि रविवारी तेच माझ्या आवाजात बोलायचो. लोक खूष. जिल्ह्याच्या सभेत एकदा एक वडीलधारे म्हणाले, “साहेब, तुमचं हिब्रू लई पक्कं हाय की.” मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

एकदा मी तिला विचारलं, “अक्का, तुला वाईट नाही वाटत?”

“वाटतं की,” ती म्हणाली. “गेल्या रविवारी तू एक जागा गाळलीस. मधली. तीच तर मोठी होती.” आणि तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली.

मग एका उन्हाळ्यात बेंगळुरूच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात तिची निवड झाली. जुन्या कराराचा विभाग. प्रवेश परीक्षा ती मला न सांगता देऊन आली होती. पुण्यातल्या आमच्या जुन्या प्राध्यापकांनी तिच्यासाठी शब्द टाकला होता. शिकून झाल्यावर तिथंच शिकवण्याचीही शक्यता होती. पेढे घेऊन ती माझ्या घरी आली. इतकी वर्षं तिला ओळखत होतो, पण तिला एका जागी बसवत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खुर्चीत बसे, उठे, खिडकीशी जाई. “सुधीर, पारखून झालं रे,” म्हणाली. “सात-आठ वर्षं झाली. सुट्टी मिळालेली नाही.” मग म्हणाली, “आता तिघांचं तेवढं होऊ दे.”

हे ‘तिघांचं’ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या मंडळीत जुनी रीत आहे. कोणी देवाच्या कामासाठी शिकायला निघालं, की मंडळीतल्या तिघांनी आठवडाभर त्याच्यासाठी एकेकट्यानं प्रार्थना करायची. आपसांत एक शब्द बोलायचा नाही. पुढच्या रविवारी उपासनेनंतर देवळामागच्या खोलीत बसून प्रत्येकानं आपल्याला काय मिळालं तेवढं सांगायचं. ‘जा’ किंवा ‘थांब’. कारण सांगायचं नाही आणि जाणाऱ्यानंही विचारायचं नाही. तिघांचंही ‘जा’ आलं तरच जायचं. एकाचंही ‘थांब’ आलं तर थांबायचं. माझ्या वेळी तिघांचंही ‘जा’ आलं होतं.

करुणाक्कासाठी तिघं ठरलो. एक शामराव मास्तर. हे जेऊरकडचे. तरुणपणी सायकलवरून गावोगाव सुवार्ता सांगत हिंडलेले, तेव्हा निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते. दुसऱ्या महिला मंडळाच्या सुगंधाबाई. तिसरा मी, पाळक म्हणून.

त्या आठवड्यात मी रोज पहाटे नेहमीसारखा गुडघे टेकून बसलो. आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, परीक्षेच्या पोरांसाठी केली, देवळाच्या गळक्या पत्र्यासाठीही केली. करुणाक्काच्या नावापाशी आलो की ‘आमेन’ म्हणून उठायचो. विसरत होतो असं नाही. मला भीती होती. विचारलं तर ‘जा’ असं येईल हे मला आतून ठाऊक होतं. आणि ती गेली तर शुक्रवार जाणार होता. शुक्रवार गेला की रविवारी मी पुलपिटावर उभा राहून काय बोलणार होतो? माझ्याजवळ काहीच नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. एवढंच कारण. मी स्वतःला दुसरी कारणं देऊन पाहिली. तिची आई म्हातारी आहे, परका मुलूख आहे, मंडळीला तिची गरज आहे. पण मी जे केलं ते एवढ्याचसाठी केलं.

रविवारी उपासना संपल्यावर आम्ही खोलीत बसलो. पंखा होता, पण हवा तापलेली. आमच्या तीन खुर्च्या एका ओळीत आणि समोर स्टुलावर करुणाक्का. सुगंधाबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, “लवकर आटपा हां. आज आमच्याकडं पाणी सुटायचं हाय. चार दिसांनी येतंय मेलं.” मास्तरांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं, आणि करुणाक्का फिसकन हसली. तिला हसू आवरत नव्हतं. ती त्या दिवशी आनंदातच होती.

वयानं मोठे म्हणून आधी मास्तर. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, “जा पोरी. मला लई स्पष्ट आलंय. माझ्या उभ्या जल्मात आसं स्पष्ट कधी आलं नव्हतं.”

मग सुगंधाबाई. त्यांचे डोळे भरले होते. “खरं सांगू? मला सोताला वाटतंय तू जाऊ नये. आमच्या पोरींना कोण हाय गं तुझ्याशिवाय? पण ते माझं झालं. प्रार्थनेत आलं ते ‘जा’ असंच आलं. तर जा.”

त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या. आपल्याला वाटतं ते वेगळं आणि मिळालं ते वेगळं, हे त्यांनी दोन वाक्यांत वेगळं करून ठेवलं. मी शेजारी बसून ते ऐकत होतो. अजूनही वेळ होती. ‘मी प्रार्थना केलेली नाही, मला आणखी एक आठवडा द्या,’ एवढं म्हणता आलं असतं. कोणी काही म्हणालं नसतं.

मी म्हणालो, “मला ‘थांब’ असं आलं.”

करुणाक्काचा हात मागे गेला. पेन्सिल बाहेर आली. मला वाटलं, आता ती विचारणार. रीत गेली खड्ड्यात, प्रत्येक ओळीला अडवणारी ही बाई मला विचारल्याशिवाय राहणार नाही. तिनं एकदा जरी “याके?” म्हटलं असतं तरी मी तिथंच सगळं ओकून टाकलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो आहे. खरं खोटं देव जाणे. तिनं पेन्सिलीकडे पाहिलं, ती परत अंबाड्यात खोचली आणि म्हणाली, “बरं.” मग, जणू अव्वाशी बोलावं तसं, “साकु.” पुरे.

मास्तर मात्र तिथंच बसून राहिले. सुगंधाबाई पाण्यासाठी पळाल्या, करुणाक्का गेली, तरी ते खुर्चीतून उठेनात. स्वतःशीच बोलत होते. “आसं कसं झालं? मला तर लई स्पष्ट आलतं.” मग माझ्याकडे वळून, जरा लाजल्यासारखे म्हणाले, “तुमी पाळक. शिकलेले. माझंच कायतरी चुकलं आसंल साहेब. म्हातारपणी मानूस आपलंच बोलनं आयकतो आन देवाचं समजतो.”

मी म्हणालो, “असं होतं मास्तर कधी कधी.”

त्या शुक्रवारी मी तिच्याकडे गेलो नाही. संध्याकाळी तिचाच फोन आला. “का रे, आला नाहीस? उतारा काढून बसलेय मी. अव्वानं धपाटे केलेत.” आवाजात काही नव्हतं. राग नाही, कुरकुर नाही. मी गेलो, धपाटे खाल्ले. रविवारी उपदेश चांगला झाला.

बेंगळुरूची जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली. नंतर अव्वा अंथरुणाला खिळली, ते निस्तरण्यात काही वर्षं गेली. अव्वा गेल्यावर मी एकदा धीर करून म्हणालो, “अक्का, आता पुन्हा बघ की.” ती म्हणाली, “मला ‘थांब’ आलंय सुधीर. ‘थोडा वेळ थांब’ असं आलं होतं का?” मी म्हणालो, “नाही.” दुसरं काय म्हणणार होतो?

काही दिवस ती घरीच एकटी अभ्यास करत राहिली. पुण्याहून पुस्तकं मागवायची, जुन्या वह्या काढायची. पण ज्याच्याशी वाद घालावा असं कोणी नव्हतं. मी होतो तो नुसता मान हलवणारा. “एकटीनं शिकणं म्हणजे एका हातानं भाकरी थापणं रे,” एकदा म्हणाली. “पीठ आहे, परात आहे, भाकरी होत नाही.” पुढे डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. एक दिवस तिनं तिचा हिब्रू शब्दकोश माझ्या हातात दिला. “तुझ्याकडं असू दे. तुला रविवार असतो.” तिच्या मनात टोमणा नव्हता, हे मी तिला ओळखून सांगतो. असता तर बरं झालं असतं.

सगळ्यांत वाईट पुढे झालं. तिला तरुणांच्या मेळाव्यांत साक्ष द्यायला बोलावू लागले. ती उभी राहायची आणि साध्या शब्दांत सांगायची, की मला एक गोष्ट फार हवी होती, मंडळीनं प्रार्थना केली, देव ‘थांब’ म्हणाला, मी थांबले. लोकांचे डोळे भरून यायचे. मी व्यासपीठावर बसलेला असायचो आणि शेवटी ‘आमेन’ म्हणायचो. अशाच एका मेळाव्यानंतर टेंभुर्णीच्या एका मुलीनं सेमिनरीत जायचा बेत सोडला. घरच्यांनी लग्न ठरवलं होतं. करुणाक्काची साक्ष ऐकून तिनं ते मान्य केलं. तिची आई मला भेटून म्हणाली, “साहेब, अक्कांचे लई उपकार झाले.” मी त्या मुलीचं लग्न लावलं.

एकदा बेंगळुरूच्याच महाविद्यालयातले एक प्राध्यापक सोलापूरला व्याख्यानाला आले होते. व्याख्यान संपल्यावर करुणाक्कानं एक प्रश्न विचारला. गृहस्थांनी तो वहीत लिहून घेतला. मग म्हणाले, “बाई, तुम्ही आमच्याकडे का आला नाहीत?” करुणाक्का प्रसन्नपणे म्हणाली, “माझं बोलावणं तिथं नव्हतं, सर.” आणि तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. एकाच गोष्टीचा साक्षीदार असलेल्या माणसाकडे बघावं तसं.

दुखणं पोटातलं निघालं. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात नेलं, बरंच काही केलं, पण उशीर झाला होता. तिला घरी आणलं. शाळेतल्या बायका पाळीपाळीनं सोबतीला असत. एका दुपारी मी ठरवून गेलो. सांगायचंच, असं ठरवून. सोबतीच्या बाईंना म्हटलं, “तुम्ही जरा घरी जाऊन या.” पलंगाजवळ स्टूल ओढलं. ती वाळून इतकीशी झाली होती. पण डोळे तसेच.

“काहीतरी बोलायला आलायस,” ती म्हणाली. “उपदेश तयार नसला की असंच तोंड असतं तुझं.”

“अक्का, ते तिघांचं झालं होतं ना... बेंगळुरूच्या वेळी...”

तिनं हात वर केला. “सुधीर, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मला माहितीय तुला त्याचं ओझं आहे. तू सांगितलंस म्हणून मी राहिले असं तुला वाटतं. तू नाही रे सांगितलंस. तू नुसता निरोप दिलास.”

“तसं नाही अक्का—”

“ऐक की. आयुष्यभर मी विचारत राहिले. अव्वासाठी मागितलं, डोळ्यांसाठी मागितलं, ह्या दुखण्यासाठी मागितलं. काही म्हणता काही आलं नाही. वरून एकच उत्तर आलं मला. तेवढं एक. मनासारखं नव्हतं, पण आलं. म्हणजे वर कोणीतरी आहे, ऐकतंय, एवढं तर कळलं. तेवढ्यावर मी तगलेय बघ.” ती दमली. मग म्हणाली, “आता म्हण एखादं गीत. तुझा आवाज बरा आहे.”

मी गीत म्हटलं.

तिच्याजवळचं ते एकुलतं एक उत्तर मी हिसकावून घेतलं नाही, ही दया होती असं मी दुसऱ्या कोणाबद्दल म्हटलं असतं. स्वतःबद्दल म्हणू शकत नाही. कारण तिनं हात वर केला तेव्हा मला आधी जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. बाहेर आल्यावर मी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला आणि तो मला गोड लागला.

त्यानंतर आठवड्याभरात ती गेली. अंत्यविधीचा उपदेश मलाच करायचा होता. शुक्रवार कुठून आणणार? मी आज्ञाधारकपणावर बोललो. शब्द सापडेनात, एकाच वाक्याभोवती फिरत राहिलो. लोकांना वाटलं साहेबांना गहिवर आला. मातीच्या वेळी एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुमची बहीणच गेली म्हणा की.” तेव्हापासून मंडळीत उपदेश तसेच होत आहेत. पहिले काही महिने लोकांनी दुःख समजून सोसलं. आता घड्याळं बघतात.

सुगंधाबाई करुणाक्काच्या आधीच गेल्या. शामराव मास्तर अजून आहेत, नव्वदीला टेकलेत. त्या रविवारनंतर ते पुन्हा कधी तिघांत बसले नाहीत. बोलावलं की म्हणायचे, “मला नगा धरू. माझं आयकनं बिघडलंय.” पुढे पुढे त्यांनी कोणासाठी मोठ्यानं प्रार्थना करणंच सोडलं. ज्या माणसानं उन्हातान्हात सायकल मारत परक्यांच्या ओट्यावर बसून प्रार्थना केल्या, तो आता जेवणाआधीची प्रार्थनाही सुनेला करायला लावतो. “तू कर बाय. माझा काय भरवसा न्हाय.”

महिन्यातून एकदा मी त्यांना घरी जाऊन प्रभुभोजन देतो. ह्या महिन्यातही गेलो होतो. भाकर त्यांच्या हातावर ठेवली, प्याला ओठांना लावला. तोंड पुसून ते म्हणाले, “साहेब, करुणा गेली न्हवं? त्या पोरीच्या टायमाला मी चुकलो बगा. नसती आशा लावली तिला. देवाच्या नावानं खोटं बोललो म्हना की. ते त्यो मला माफ करंल का?”

मी म्हणालो, “करेल मास्तर.” सुनेनं चहा आणला. आम्ही चहा प्यायलो, आणि मी बाहेर येऊन गाडी सुरू केली.

मास्तरांना आता वाचता येत नाही. हे मी लिहून काढतो आहे, त्यांच्यासमोर बसून बोलत नाही, त्यामागे हेही कारण असेल. करुणाक्काला देता येण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही. मास्तरांना मी एक वाक्य देणं लागतो: तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.